दोन ब्रास पाणी

'घर पाहावं बांधून' असं ज्यानं म्हटलं त्याच्या घराला अंगण नसावं. किंवा असलंच तर ते कोकणात असावं, जिथं डोंगर उतार फुकट देतो. आमच्या शिरूरला जमीन सपाट आणि माती काळी. बरं, पाऊस तरी किती? शिरूर काय नि दौंड काय, दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. उन्हाळ्यात आम्ही टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसणारी माणसं. पण हा पाऊस येतो तेव्हा वर्षाची उधारी एका संध्याकाळी चुकती करतो. २०२५ च्या मे महिन्यात तर त्यानं पावसाळ्याचीही वाट पाहिली नाही. दौंड, बारामती, इंदापूरकडे त्यानं जो धुमाकूळ घातला, त्याचं शेपूट आमच्या अंगणावरून गेलं आणि अंगणाचा हौद झाला.

पाणी दोन दिवस हललं नाही. तिसऱ्या दिवशी बेडकांनी संसार थाटला. पुढं ऊन पडलं, बेडूक गेले, आणि जोत्याला करंगळी जाईल एवढी भेग दिसली. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. वर कुणाचं घर उभं आहे याची चौकशी करत नाही.

"ठेकेदाराला बोलवा," ही म्हणाली. बोलावला. तो मोटारसायकलवरून उतरलासुद्धा नाही. एका डोळ्यानं अंगण बघून म्हणाला, "मुरूम टाकावा लागंल. आठ ब्रास."

"आणि पाणी?"

"पाण्याचं काय?"

"ते कुठं जाणार?"

"जाईल की!"

मंडळी, या 'जाईल की'शी माझं भांडण आहे. शिरूरपासून दौंडपर्यंत कुठल्याही ठेकेदाराला अंगणाचं कुठलंही दुखणं सांगा, औषध एकच: मुरूम. वैद्यसुद्धा नाडी बघून पुडी बांधतो. इथं नाडी नाही, जीभ नाही, थेट आठ ब्रास.

आलं ते आठ ब्रास. जेसीबीनं अर्ध्या तासात पसरलं. १२०० चौरस फुटांचं अंगण सरासरी ८ इंच वर आलं. जोत्याच्या तीन पायऱ्यांतली एक पूर्ण गडप झाली आणि दुसरी गुडघ्यात वाकली. पाणी मारणं नाही, धुमस करणं नाही. मी मात्र लाल अंगणाकडे पाहून खूश होतो.

सप्टेंबरात पाऊस झाला. सकाळी शेजारच्या आक्का दारात उभ्या. मुठीत ओली बाजरी. "भाऊ, तुमचं पाणी रात्री आमच्याकडं मुक्कामाला आलं. तीन पोती भिजली."

एवढंच बोलल्या. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांचा मुलगा संध्याकाळी ओरडून सांगून गेला की आता तोही दहा ब्रास टाकणार. मी मनात बारा ब्रासचा हिशेब मांडला. असं चाललं असतं तर दहा वर्षांत आमची दोन्ही घरं शिवनेरीला मुजरा करायच्या उंचीवर गेली असती, आणि पाणी तिसऱ्याच्या चुलीत. आणि गंमत म्हणजे एवढं करून माझ्या जोत्याची ओलही गेली नव्हती. सैल मुरमातून झिरपलेलं पाणी खालच्या काळ्या मातीवर जाऊन बसत होतं आणि तिथून निवांत भिंतीकडे येत होतं. आधी हौद उघडा होता, आता झाकण घातलं होतं.

अखेर दौंडहून हिचे मामा आले. मामा रेल्वेत गँगचे मुकादम होते. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ सालचा. तो आपणच घातला अशा थाटात ते बोलतात. "जावईबापू, भर आम्हीबी टाकतो. पण भरीच्या दोन्ही अंगांना ढाळ आणि पायथ्याला चर. खडीत पाणी थांबलं की रूळ बसलाच."

मग त्यांनी पिशवीतून पारदर्शक नळी काढली, तीत पाणी भरलं, एक टोक माझ्या हातात दिलं आणि साऱ्या अंगणाची पाणसळ घेतली. निकाल असा, की आठ ब्रास मुरमाचा उतार चांगला चार इंच होता आणि तो घराकडे होता.

"घोड भीमेला मिळती, भीमा पंढरीला जाती," मामा म्हणाले. "पाण्याला वारीला जायचंय, आणि तुम्ही त्याला ओसरीवर बसवून ठेवलंय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोष ठेकेदाराच्या एकट्याचा नव्हे. आपण पैसे ब्रासवर देतो, म्हणून तो ब्रास विकतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ते ट्रॉलीत मोजता येतं. ढाळ कुणी मोजत नाही, म्हणून ढाळ कुणी देत नाही. शिंप्याला कापडाच्या वजनावर मजुरी दिली तर तो सदऱ्याला सहा बाह्या लावील!

नवा कागद केला. जोत्यापासून पहिल्या दहा फुटांत निदान सहा इंच उतार, पाणसळीनं मोजून. जादा मुरूम उचलायचा. राहील तो सहा-सहा इंचांच्या थरानं, पाणी मारून, धुमस करून. माझ्या आणि आक्कांच्या हद्दीवर एकच चर, दोन्ही घरांचं पाणी घेऊन रस्त्याकडच्या गटारापर्यंत. खर्च माझा, कारण बाजरी त्यांची. आणि शेवटचा हप्ता पहिल्या मोठ्या पावसानंतर.

ठेकेदारानं प्रथमच मोटारसायकल स्टँडवर लावली. "आणि पाऊसच नाही पडला तर?"

शिरूरला हा प्रश्न थट्टेचा नाही. शेवटी दोन पिंपं पाणी ओतून बघायचं ठरलं. पिंपं ओतली. पाणी क्षणभर घुटमळलं, मग शहाण्या सुनेसारखं खाली मान घालून चराकडे निघालं. आक्का कुंपणापाशी उभ्या होत्या. "गेलं बया," एवढंच म्हणाल्या. रात्री त्यांच्याकडून बाजरीच्या दोन गरम भाकरी आल्या.

तेव्हा वाचकहो, ठेकेदार किती ब्रास म्हणतो ते विचारू नका. पाणी कुठून कुठं जाणार, तेवढं बोटानं दाखवायला सांगा. बोट शेजाऱ्याच्या दाराकडे वळलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आमच्या ठेकेदाराला मात्र अजून चैन नाही. बिलाचं पुस्तक उघडून विचारत होता, "साहेब, ब्रास किती लिहू?"

मी हिशेब केला. १२०० चौरस फूट, दोन इंच पाऊस, म्हणजे २०० घनफूट. उन्हाळ्यात पैसे मोजून मागवतो ते साडेपाच हजार लिटर.

"लिही," म्हटलं, "दोन ब्रास पाणी, वाहतुकीसह."