साईट बंद पडली, ठीक आहे. पण उत्तर कोण देणार?

16 जुलै 2021. कोरोनामुळे दहावीची परीक्षाच झाली नव्हती, निकाल मूल्यमापनावर लागला होता. दुपारी 1 वाजता तो साईटवर दिसणार होता. राज्यात पावणेसोळा लाखांच्या आसपास मुलं. एक वाजला आणि साईट जी झोपली ती कित्येक तास उठलीच नाही. गंमत बघा, राज्याचा निकाल 99.95 टक्के आणि आपल्या कोकण विभागाचा 100 टक्के! नापास होण्याची भीती नव्हती, तरी मार्क किती ते दिसेना म्हणून घरोघरी जीव टांगणीला.

तेव्हाच्या शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी दिलगिरी व्यक्त केली, चौकशी करू म्हणाल्या. हे बरं झालं. मोठ्या खुर्चीवरचा माणूस 'चुकलं' म्हणाला की लोकांचा अर्धा राग तिथेच उतरतो.

पुढे 21 मे 2025. अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच अख्ख्या राज्यात ऑनलाईन. आधी हे मुंबई, पुण्यासारख्या मोजक्या शहरांपुरतं होतं, आता मंडणगड-राजापूरच्या पोरांनाही लागू. पहिल्याच दिवशी साईट बंद! नोंदणी 26 मेपर्यंत पुढे गेली. तोवर कोकणात पाऊस दाखल झाला होता. पावसात आपल्याकडे लाईट आणि रेंज यांचं काय होतं ते सांगायला नको.

अशा वेळी वार्ताहराने फोन केला की ठरलेलं उत्तर येतं, 'तांत्रिक अडचण आहे, काम चालू आहे.' यातून गावातल्या माणसाला काय कळतं? काहीच नाही. एकाच मिनिटाला लाखो लोक घुसले की सर्व्हर दमतो, हे आता सगळ्यांनाच माहीत झालंय. त्याला हवं ते वेगळंच. किती वाजता बंद पडली, भरलेला फॉर्म शाबूत आहे का, मुदत वाढणार का, आणि पुढची खबर किती वाजता देणार? शेवटचं तर सर्वात महत्त्वाचं. साईट कधी सुरू होईल हे ठाऊक नसेल तर तसं म्हणावं, पण 'चार वाजता परत सांगतो' म्हणून चारला खरंच सांगावं. नाहीतर ती जागा व्हॉट्सॲपवरच्या अफवा भरून काढतात. 'डेटा उडाला', 'प्रवेश रद्द', काय वाट्टेल ते.

आणि आम्हा बातमीदारांनीही 'साईट ठप्प, पालक संतप्त' एवढ्यावर थांबू नये. निकाल डिजिलॉकरवरही मिळतो, ही एक ओळ बातमीत टाकली तरी कुणाची तरी फेरी वाचते. वाडीवरून तालुक्याला सेवा केंद्रात यायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी गेलीच. साईट बंद आहे हे सकाळी आठलाच कळलं, तर तो माणूस घरून निघणारच नाही.