कार्डावरची पहिली ओळ

नववीच्या विद्यार्थ्यांकडून व्हिजिटिंग कार्ड करवून घेण्याचा प्रकल्प आम्ही हाती घेतला, तेव्हा तो चित्रकलेचाच तास ठरेल असे वाटले होते. ३.५ इंच रुंद, २ इंच उंच. ए-फोर कागदावर अशी १० कार्डे बसतात. अक्षरे कडेपासून थोडी आत ठेवा, व्यवसाय घरातला घ्या, एवढे सांगून आम्ही मोकळे झालो.

अडले ते पहिल्याच ओळीवर. कोणाची आई भाजी विकते, कोणाचे वडील गवंडी; तरी निम्म्या कार्डांवर 'डॉक्टर' आणि 'इंजिनिअर' उमटले, आणि बऱ्याच जणांनी आडनाव गाळले. आडनावावरून जात ताडली जाते, हे चौदाव्या वर्षी मुलांना ठाऊक असते. ते शिकवावे लागत नाही.

'आडनाव अभिमानाने लिहा' असा आदेश देणे सोपे आहे. त्याची किंमत मात्र मूल मोजते. म्हणून तो निर्णय ज्याचा त्याचा, असे आमचे मत आहे. कामाबाबत मात्र आम्ही आग्रही राहिलो. 'वीटकाम व फरशीकाम, मोजमापासह अंदाजपत्रक' अशी ओळ येताच गवंडीकामाचे कार्ड ताठ उभे राहिले. (बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक' काढले, छापील अक्षराचे मोल आपल्या समाजास वेगळे सांगणे नको.)

सुटीत एका मुलीने आईच्या नावाची दहाही कार्डे घरी नेली. आईने त्यांतले एकही अद्याप कोणास दिलेले नाही. पेटीत जपून ठेवली आहेत.