विश्लेषण : स्पोर्ट्स सेडान घेताना मॅन्युअल की ऑटोमॅटिक?

स्कोडाने ऑक्टोबर 2025 मध्ये ऑक्टाव्हिया आरएस ही वेगवान सेडान पुन्हा भारतात आणली. फक्त 100 गाड्या आयात झाल्या. एक्स-शोरूम किंमत जवळपास 50 लाख रुपये असूनही त्या हातोहात संपल्या. मात्र घेणाऱ्यांपैकी कोणालाही गिअरबॉक्स निवडता आला नाही, कारण ही गाडी केवळ ऑटोमॅटिकमध्येच आली. वीसएक वर्षांपूर्वी भारतात विकली गेलेली पहिली ऑक्टाव्हिया आरएस नेमकी उलट होती. ती फक्त मॅन्युअलमध्येच मिळायची. या काळात नेमकं काय बदललं? आणि जिथे दोन्ही पर्याय अजून शिल्लक आहेत, तिथे निवड कशी करायची?

ऑटोमॅटिक म्हणजे नेमकं काय?

ऑटोमॅटिक या एकाच नावाखाली वेगवेगळी यंत्रं विकली जातात. एएमटी हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, त्यातला क्लच आणि गिअर बदलण्याचं काम तेवढं यंत्र करतं. तो स्वस्त असतो, पण गिअर बदलताना झटका जाणवतो. सीव्हीटीमध्ये ठरावीक गिअरच नसतात, पट्टा आणि पुलीवर काम चालतं. ती शहरात मऊ चालते, पण जोरात पळवताना इंजिनाचा नुसता आवाज वाढल्यासारखा वाटतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद तेलामार्फत पुढे जाते. तो टिकाऊ आणि गुळगुळीत असतो.

चौथा प्रकार म्हणजे ड्युअल क्लच, म्हणजेच डीसीटी. फोक्सवॅगन आणि स्कोडा त्याला डीएसजी म्हणतात. यात एक क्लच 1, 3, 5 असे विषम गिअर सांभाळतो, तर दुसरा 2, 4, 6 असे सम. गाडी तिसऱ्यात धावत असताना चौथा गिअर आधीच जोडून ठेवलेला असतो, त्यामुळे बदल क्षणार्धात होतो. 2003 मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ आर32 मध्ये हे तंत्र आणलं आणि मॅन्युअलच वेगवान, या समजाला तिथून तडा गेला.

मग मॅन्युअल वेगात मागे पडतं का?

हो. बीएमडब्ल्यूची 2020 मध्ये सादर झालेली एम3 हे त्याचं ठळक उदाहरण. सहा गिअरच्या मॅन्युअल एम3 ला 480 पीएस ताकद आणि 550 न्यूटन मीटर टॉर्क मिळाला. ऑटोमॅटिक असलेल्या एम3 कॉम्पिटिशनला 510 पीएस आणि 650 न्यूटन मीटर. शून्य ते ताशी 100 किमी हा वेग गाठायला कंपनीच्या आकड्यांनुसार मॅन्युअलला 4.2 सेकंद लागतात, तर ऑटोमॅटिकला 3.9. म्हणजे फरक केवळ गिअर बदलण्याच्या वेगाचा नाही, तर जास्त ताकदीचं इंजिन ऑटोमॅटिकलाच मिळालं.

मायलेजचंही गणित बदललं आहे. 2023 च्या ह्युंदाई व्हर्ना टर्बोमध्ये 160 पीएसचं एकच इंजिन दोन्ही गिअरबॉक्ससह आलं. चाचणीतल्या आकड्यांनुसार मॅन्युअल लिटरला 20 किमी आणि डीसीटी 20.6 किमी. रस्त्यावर हे आकडे खाली येतात हे खरं, पण ‘ऑटोमॅटिक पेट्रोल पिते’ हे सरसकट विधान आता टिकत नाही.

तरीही मॅन्युअल कोणाला हवं असतं?

पहिलं कारण पैसा. अशा सेडानमध्ये त्याच दर्जाच्या मॅन्युअल आणि डीसीटी मॉडेलच्या किमतीत एक लाखाहून अधिक फरक असू शकतो. दुसरं कारण दुरुस्ती. मॅन्युअलची क्लच प्लेट झिजते, पण ती बदलणारा मेकॅनिक तालुक्याच्या गावीही सापडतो. ड्युअल क्लचचं नियंत्रण करणारा भाग बिघडला, तर अधिकृत सर्व्हिस सेंटरच गाठावं लागतं आणि वॉरंटी संपलेली असेल तर बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. 2013 मध्ये चीनमध्ये डीएसजीच्या तक्रारींमुळे फोक्सवॅगनला सुमारे 3 लाख 84 हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. त्यानंतर या तंत्रात सुधारणा झाल्या, पण वाढीव वॉरंटी घेण्याचा सल्ला आजही दिला जातो तो याच खर्चामुळे.

तिसरं कारण आकड्यांत मोजता येत नाही. वळणाआधी गिअर कधी उतरवायचा, इंजिन किती ताणायचं, हे स्वतः ठरवण्यात अनेकांना गाडी चालवण्याचा खरा आनंद वाटतो. अमेरिकेत होंडाने सिव्हिक एसआय ही सेडान फक्त मॅन्युअलमध्ये विकली, ती याच ग्राहकासाठी. चाकणला तयार होणारी फोक्सवॅगन व्हर्टस 2022 मध्ये आली तेव्हा तिचं 150 पीएसचं 1.5 लिटर इंजिन फक्त डीएसजीसह मिळत होतं. पुढच्याच वर्षी कंपनीने त्याला मॅन्युअलचीही जोड दिली.

मग कंपन्या मॅन्युअल बंद का करतात?

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या प्रत्येक जोडीची प्रदूषण आणि मायलेज चाचणी वेगळी करावी लागते. थोड्याच ग्राहकांसाठी हा खर्च परवडत नाही. शिवाय समोरची गाडी थांबली की थांबणारं आणि ती निघाली की पुन्हा निघणारं क्रूझ कंट्रोल क्लच पेडलच्या गाडीत पूर्णपणे चालू शकत नाही. ग्राहक अशा सोयी मागू लागले की मॅन्युअल आपोआप मागे पडतं.

निर्णय कसा घ्यावा?

रोजचा प्रवास हिंजवडी किंवा ठाण्याच्या कोंडीतला असेल, तर दिवसाला शेकडो वेळा क्लच दाबण्यापेक्षा ऑटोमॅटिकच सोयीची. मात्र कोंडीत ड्युअल क्लच कशी चालवायची हेही समजून घ्यायला हवं. इंच-इंच पुढे सरकत राहिलं तर क्लच अर्धवट जोडलेला राहून तापतो, विशेषतः कोरड्या क्लचच्या गिअरबॉक्समध्ये. त्यापेक्षा पुढे थोडी जागा होऊ द्यावी, मग गाडी हलवावी. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नये, ब्रेक वापरावा.

घाटासाठी मॅन्युअलच हवं, असं मात्र नाही. ताम्हिणी किंवा आंबा घाट उतरताना ब्रेकवरचा भार कमी करण्यासाठी खालचा गिअर लागतो आणि तो बहुतेक स्पोर्ट्स सेडानच्या ऑटोमॅटिकमध्येही मॅन्युअल मोड किंवा स्टिअरिंगमागच्या पॅडलने टाकता येतो.

गाडी वॉरंटीनंतरही आठ-दहा वर्षं ठेवायची असेल, मोठं सर्व्हिस सेंटर लांब असेल आणि प्रवास मुख्यतः मोकळ्या रस्त्यांवरचा असेल, तर मॅन्युअलचं पारडं जड होतं. घरात गाडी चालवणारे एकाहून जास्त असतील, तर त्यांनाही विचारायला हवं. भारतात कारच्या परवान्यात मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक असा भेद नाही, पण परवाना असूनही क्लचची सवय नसलेले अनेक जण असतात.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमसमोरच्या रिकाम्या रस्त्यावर पाच मिनिटांत आटोपण्याऐवजी, जिथून रोज जायचं आहे त्याच रस्त्यावर आणि त्याच वेळेला घ्यावी. दोन्ही गिअरबॉक्स चालवून पाहावेत. आज मिळणारं मॅन्युअल मॉडेल वर्षभराने यादीत असेलच याची खात्री नाही, म्हणून ज्यांना ते खरोखर हवं आहे त्यांनी निर्णय फार लांबवू नये.