मेडिक्लेम आहे, कार्डही आहे. तरी खिशातून पैसे का जातात?

पनवेलच्या कुठल्याही खासगी रुग्णालयात रुग्णाला दाखल करताना काउंटरवर पहिल्या काही प्रश्नांतच विचारलं जातं, "मेडिक्लेम आहे का?" बरेच नातेवाईक "आहे" म्हणून निश्चिंत होतात. पण डिस्चार्जच्या दिवशी कळतं की बिलाचा मोठा भाग स्वतःलाच भरायचा आहे.

गेल्या दोन वर्षांत आरोग्य विम्याचे नियम बरेच बदलले आहेत आणि त्यातले बहुतेक बदल रुग्णाच्या फायद्याचे आहेत. तरीही विमा नेमकं कशाचं संरक्षण देतो आणि कशाचं देत नाही, हे आजारपण येण्याआधीच समजून घ्यायला हवं. दाखल झाल्यावर त्यासाठी वेळही नसतो आणि मनःस्थितीही नसते.

आधी पाहा, तुम्ही कोणत्या छत्राखाली आहात

*महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना.* २०१२ साली ही योजना राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली. पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला रायगड होता. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं आणि ते पिवळ्या-केशरी रेशनकार्डापुरतं होतं. जुलै २०२४ पासून विस्तारित योजनेत ही मर्यादा पाच लाख झाली आणि पांढरं कार्ड असलेली कुटुंबंही त्यात आली. "आम्ही पांढऱ्या कार्डवाले, आम्हाला काय मिळणार" असं आजही अनेक जण म्हणतात. हा समज आता जुना झाला.

*आयुष्मान वय वंदना.* २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असलं तरी, पाच लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी वेगळं कार्ड मिळतं. घरात आजी-आजोबा असतील तर ते आजच काढून ठेवा.

*ईएसआयसी.* तळोजा एमआयडीसीत महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारांना हे संरक्षण असतं. यात एक खाचखळगा आहे. पगारवाढ होऊन मर्यादा ओलांडली की चालू अंशदान काळानंतर वर्गणी कापणं बंद होतं आणि पुढे काही महिन्यांत संरक्षणही संपतं. पगारवाढीचा आनंद असतो, पण घर विम्याविना राहतं. त्या मधल्या महिन्यांतच पॉलिसीची सोय करा.

*कंपनीची गट पॉलिसी.* नोकरी आहे तोवर ती चांगली. नोकरी सुटली की तीही जाते. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची मागणी करता येते. ती राजीनाम्याच्या आधी करा, नंतर नाही.

*रस्ता अपघात.* एक्स्प्रेसवे आणि पळस्पे फाट्यावरून निघणारा गोवा महामार्ग, दोन्ही आपल्या दारात आहेत. मे २०२५ च्या केंद्रीय योजनेत अपघातग्रस्ताला नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, जास्तीत जास्त दीड लाखाचे उपचार रोख न भरता मिळतात. त्यासाठी मेडिक्लेम असण्याची अट नाही.

खिशातून पैसे जाण्याची तीन कारणं

१. खोलीचं भाडं. समजा तुमची पॉलिसी पाच लाखांची आहे आणि खोलीची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. तुम्ही ८,००० ची खोली घेतली. तुम्हाला वाटतं, रोजचे ३,००० आपण भरू. पण अनेक पॉलिसींत डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर असे खोलीच्या दर्जानुसार बदलणारे खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. असे खर्च १,६०,००० झाले तर कंपनी आठातला पाच हिस्सा, म्हणजे १,००,००० देते. ६०,००० तुमचे. औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूच्या खर्चावर अशी कपात करता येत नाही. बिलात ती केलेली दिसली तर जरूर विचारा.

२. लपवलेला आजार. यात आम्हा डॉक्टरांचा थेट संबंध येतो. रुग्ण दाखल होताना आम्ही केसपेपरवर लिहितो, "दहा वर्षांपासून रक्तदाब". विम्याच्या अर्जात मात्र एजंटच्या सांगण्यावरून "कोणताही आजार नाही" असं लिहिलेलं असतं. कंपनी दोन्ही कागद शेजारी ठेवते आणि क्लेम नाकारते. मग नातेवाईक विनंती करतात, "डॉक्टर, तेवढं खोडा ना." ते आम्ही करू शकत नाही. आणि क्लेमच्या भीतीने डॉक्टरांपासून आजार लपवलात तर भूल देताना जिवावर बेतू शकतं. खरं सांगायची जागा विम्याचा अर्ज हीच आहे. आधीपासूनच्या आजारासाठीची प्रतीक्षा आता कमाल चार वर्षांवरून तीन वर्षांवर आली आहे. सलग पाच वर्षं पॉलिसी चालू राहिली तर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याच्या कारणाने कंपनी क्लेम नाकारू शकत नाही.

३. रोजची औषधं. हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा मुद्दा. विमा मुख्यतः दाखल होण्याचा खर्च देतो. डायलिसिस, केमोथेरपी यांसारखे एका दिवसाचे उपचारही त्यात येतात. पण मधुमेहाच्या गोळ्या, इन्सुलिन, दर तीन महिन्यांची रक्त तपासणी हे बहुतेक पॉलिसींत नसतं. देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चात लोकांच्या खिशातला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे, पण उरलेला भार थोडा नाही. म्हणून औषधांसाठी महिन्याला वेगळी रक्कम बाजूला काढा आणि जेनेरिक औषधांबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. पैसे वाचवायला गोळी बंद करू नका. बंद केलेल्या गोळीचं बिल पुढे आयसीयूत येतं.

नवे नियम तुमच्या बाजूने

मे २०२४ च्या विमा नियामकाच्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आहे आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत. उशिरामुळे रुग्णालयाने जादा आकार लावला तर तो कंपनीने सोसायचा आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. २०,००० च्या हप्त्यावर पूर्वी ३,६०० रुपये कर होता. मात्र नूतनीकरणाच्या वेळी मूळ हप्ता वाढवलेला नाही ना, हे मागच्या पावतीशी ताडून पाहा. गट पॉलिसीला ही सूट नाही. ज्येष्ठांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी नियामकाशी चर्चा करावी लागते.

या आठवड्यात एवढं करा

- पॉलिसी उघडा आणि तीन गोष्टी पेनाने अधोरेखित करा: खोलीची मर्यादा, प्रतीक्षा काळ, को-पे.
- घराजवळचं कोणतं रुग्णालय फुले योजनेत आहे आणि कोणत्या उपचारासाठी आहे, हे १५५३८८ वर विचारा. रुग्णालय योजनेत असलं तरी प्रत्येक उपचार तिथे मिळेलच असं नाही. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत.
- योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा, तेही पैसे भरण्याआधी. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.
- क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीकडे तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

आणि शेवटी, पॉलिसीचा क्रमांक, कार्डं आणि जुने रिपोर्ट कुठे ठेवले आहेत, हे घरातल्या किमान दोन माणसांना माहीत असू द्या. कागद सांभाळणाराच अचानक आजारी पडला, तर बाकीच्यांना ते शोधत बसावं लागू नये.