‘घरोघरी असंच असतं’ म्हणणाऱ्यांना



मी मालिका बघते आणि आवडीने बघते. हे आधीच सांगते, म्हणजे ही बाई टीव्हीच्या नावाने बोटं मोडायला बसली आहे असं कुणाला वाटायला नको. आपल्याकडे चौविहार. सूर्यास्ताच्या आत जेवणं होतात, ओटा धुऊन होतो, सामायिक होते, आणि मग उंबरमाळीत संध्याकाळी करायचं काय? पावसाळ्यात कसाऱ्याच्या डोंगरावरून ढग उतरले की अंगणात उभं राहायची सोय नसते. शेजारच्या घरांत कुकर लागतो त्या वेळेला आपण जैन बायका मोकळ्या असतो. चॅनेलवाल्यांना आपल्याइतकं निवांत गिऱ्हाईक दुसरं मिळणार नाही.

तेव्हा माझं भांडण मालिकांशी नाही, एका वाक्याशी आहे. चातुर्मास लागल्यापासून ते मी चार वेळा ऐकलं. दोन जावा, दोघीही आपल्याच, एका लग्नातल्या देण्याघेण्यावरून तीन वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. स्थानकात एक पहिल्या ओळीत बसते, दुसरी दाराशी. मी एकीजवळ विषय काढला तर ती म्हणाली, “भाभी, घरोघरी असंच असतं. टीव्हीवर बघत नाही का तुम्ही?”

बघते ना. म्हणूनच मी एक आठवडा वही घेऊन बसले. कॉमर्स शिकलेली बाई दुसरं काय करणार! सोमवार ते शनिवार, संध्याकाळी साडेसात ते साडेदहा. एक संध्याकाळ पावसाने डिशचा सिग्नल खाल्ला, ती वजा. राहिले पंधरा तास. तासाला बारा मिनिटांपर्यंत जाहिराती चालतील असा केबल टीव्हीचा नियम आहे, त्यात चॅनेलच्या स्वतःच्या जाहिराती धरूनच. म्हणजे नियमाप्रमाणे मोजलं तरी पंधरा तासांतले तीन तास साबण, मसाले आणि सोन्याची दुकानं. उरलेल्या बारा तासांतून कालचा भाग परत दाखवतात तो काढा, एकाच वाक्यावर सहा जणांचे चेहरे तीन-तीनदा दाखवतात तेही काढा. गोष्ट म्हणून जे उरतं त्यात काय होतं?

दाराआड उभं राहून ऐकणं अकरा वेळा. “मला तुला काहीतरी सांगायचंय” म्हणायचं आणि तेवढ्यात फोन वाजायचा, नऊ वेळा. खरी माफी दोनदा. त्यातली एक दुसऱ्या दिवशी नाटक निघाली, आणि दुसरी जिने दिली तिला घरातल्या सगळ्यांनी भोळी ठरवलं. मालिकांची नावं देत नाही, कारण नावं बदलली तरी आकडे फारसे बदलणार नाहीत.

आता सांगा, कुणाच्या घरात असं असतं? तुमच्या सासूबाईंनी दाराआडून ऐकलंही असेल एखादे वेळी. पण फोन वाजला म्हणून मनातली गोष्ट तीन महिने राहून गेली, असं कधी झालंय? फोन ठेवला की आपण “हं, काय म्हणत होतीस?” असं विचारतो. मालिकेत हे एक वाक्य कुणालाच येत नाही.

येत नाही, कारण ते बोललं तर दुकान बंद होईल. ‘ठरलं तर मग’ 2022 च्या डिसेंबरात सुरू झाली. खरी तन्वी कोण हे तुम्हाला-मला केव्हापासून ठाऊक होतं, पण सायलीच्या आसपासच्या माणसांना ते कळायला दोन वर्षंही पुरली नाहीत. ‘आई कुठे काय करते’मध्ये अरुंधतीचा घटस्फोट झाला, दुसरं लग्न झालं, तरी समृद्धी बंगल्यातले जुने हिशेब काही मिटेनात. 2019 ते 2024, पाच वर्षं. ‘चार दिवस सासूचे’ 2001 ला सुरू होऊन 2013 ला संपली, तीन हजारांवर भाग झाले, आणि नाव काय तर चार दिवस! रोहिणी हट्टंगडींसाठी मी ती बघायची, आजही लागली तर बघेन. पण रोजच्या मालिकेचं गणित ओळखा. ते चालू खातं आहे, त्याला 31 मार्च नसतो. भांडण मिटलं की खातं बंद. म्हणून एक रुसवा मिटायच्या आत दुसरा तयार लागतो, आणि क्षमा करणाऱ्या बाईला पुढच्याच आठवड्यात फसवावं लागतं. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधल्या राधिकेने मसाल्याचा धंदा उभा केला तेव्हा मला कोण आनंद झाला होता! पण त्याआधी तिने गुरुनाथवर किती वेळा विश्वास टाकला आणि किती वेळा तोंडघशी पडली, आठवून बघा. ते बघून आपल्या लेकीसुना शिकतात काय? की माफ करणारी मूर्ख असते आणि मनात धरून ठेवणारी हुशार.

कुणी म्हणेल, भांडणाशिवाय गोष्ट होतच नाही. भांडण असू द्या, मिटवून तर दाखवा. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आठवते? दिलीप प्रभावळकरांचे आबा. आठवड्यातून एक भाग असायचा. त्या घरात शिऱ्या आणि शलाका भांडायचे, सून वैतागायची, शेखर चिडायचा, आणि भाग संपेपर्यंत सगळे पुन्हा एका टेबलावर जेवायला बसलेले असायचे. तरी आपण पुढच्या आठवड्याची वाट बघायचोच. तेव्हा मिटलेलं भांडण कुणी बघत नाही, हे चॅनेलवाल्यांनी मला सांगू नये. खरं म्हणजे तीन पिढ्यांचं एकत्र कुटुंब घरोघरी असतं तसं मला त्यातच दिसलं, आणि त्याला उदाहरण म्हणून मात्र कुणी पुढे करत नाही.

आपल्या कथा तरी काय वेगळ्या आहेत, असंही एकीने विचारलं. प्रश्न चांगला आहे. चंदनबालेची कथा घ्या. धनावह शेठ कौशांबीत त्या मुलीला लेकीसारखं घरी आणतात. पाय धुताना तिचे केस जमिनीवर येतात, शेठ ते उचलून बाजूला करतात, आणि मुळा शेठाणी हे वरून बघते. झालं! गैरसमज, मत्सर, मुलीचं मुंडन, पायात बेड्या, तळघर. मालिकेला हवं ते सगळं यात आहे. आजच्या लेखकाच्या हाती मुळा शेठाणी लागली तर तो तिला त्या खिडकीत सहा महिने उभी ठेवील, आणि शेठ परगावाहून घरी यायला निघाले की वाटेत त्यांचा अपघात करील. आपल्या कथेत ते तळघर तीन दिवसांचं. चौथ्या दिवशी दार उघडतं, सुपात उडदाचे बाकुळे असतात, पाच महिने पंचवीस दिवस अभिग्रह घेऊन फिरणारे भगवान महावीर दारात येतात, आणि कथा चंदनेबरोबर पुढे जाते. मुळा कथेत आहे, तिचं पाप झाकलेलं नाही. पण कथा तिच्यापाशी मुक्कामाला राहत नाही.

आणि मृगावती? कौशांबीची राणी, नात्याने चंदनेची मावशी, दीक्षेनंतर तिची शिष्या. समवसरणात सूर्य-चंद्र स्वतः आलेले, त्या उजेडात रात्र झाल्याचं कळलं नाही आणि यायला उशीर झाला. चंदनबाला रागावली. बाजू मांडायला मृगावतीजवळ खरं आणि भक्कम कारण होतं. शिवाय वयाने, नात्याने ती मोठी. तिने कारण पुढे केलं नाही, रात्रभर आपल्याच चुकीकडे बघत राहिली आणि तिला केवलज्ञान झालं. अंधारात चंदनेच्या हाताजवळ साप आला, तो दिसला म्हणून तिने हात उचलून बाजूला ठेवला. चंदनेला जाग आली. अंधारात तुला साप दिसला कसा, हे विचारल्यावर सगळं उमगलं, आणि मग गुरुणीने शिष्येची क्षमा मागितली. तिलाही केवलज्ञान झालं. दोघींची गोष्ट एका रात्रीत पूर्ण! यात नाट्य नाही असं कोण म्हणेल? अंगावर काटा येतो.

आपल्या धर्माने रागाला मुदत घालून दिली आहे, हे त्या जावेला कुणीतरी सांगायला हवं. पंधरा दिवस टिकतो तो संज्वलन कषाय, चार महिन्यांचा प्रत्याख्यानावरण, वर्षाचा अप्रत्याख्यानावरण, आणि त्यापुढेही जो जन्मभर धरून ठेवला तो अनंतानुबंधी. प्रतिक्रमणंही त्याच मापाची आहेत: रोजची दोन, मग पाक्षिक, चातुर्मासिक, सांवत्सरिक. उधारीच्या वहीत येणं किती दिवस जुनं आहे ते लिहितात, तसंच हे. संवत्सरीच्या दिवशीही खातं मिटलं नाही, तर ते साध्या रागाचं राहत नाही. तीन वर्षं म्हणजे तीन संवत्सरी कोऱ्या गेल्या. मालिकेच्या मापाने तीन वर्षं काहीच नाहीत, तिकडे अजून निम्मी गोष्टही झालेली नसते. “घरोघरी असंच असतं” यातली गफलत हीच आहे. आपण आपला राग चॅनेलच्या मापाने मोजायला लागलो.

“भाभी, नुसता टाइमपास हो!” असंही म्हणतात. असू द्या. पण करणं, करवणं आणि अनुमोदन, तिन्हींचा बंध पडतो हे आपण लहानपणापासून ऐकतो. खलनायिका सुनेच्या दुधात काहीतरी मिसळते तेव्हा आपण मिसळत नाही. पण आठवडाभराने तीच खलनायिका जिन्यावरून पडते आणि आपण सोफ्यावर बसून “बरं झालं, अद्दल घडली” म्हणतो, ते काय असतं? मी माझी पाच दिवसांची ‘बरं झालं’ मोजली. आकडा वहीत आहे, तो महासतीजींना सांगेन. बघणं थांबवलेलं नाही. शब्द तेवढा अडवते.

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द. चातुर्मासात मालिका सोडायचं पच्चक्खाण घ्या म्हणून बायकांच्या मागे लागणारे बरेच श्रावक आहेत. त्यांनी आधी आपल्या हातातला रिमोट बघावा. रात्री नऊला बातम्यांच्या नावाखाली आठ माणसं चौकटीत बसून एकमेकांवर ओरडतात, ती कोणती धर्मकथा आहे? राजकथा आणि देशकथा याही विकथाच. शास्त्राने चार सांगितल्या आहेत, आणि त्यातली फक्त स्त्रीकथाच पुरुषांच्या लक्षात राहते! सकाळी सव्वानऊपासून शेअरच्या भावावर जीव खालीवर होतो ते आर्तध्यान नाही का? पच्चक्खाण घ्यायचं तर घरातल्या सगळ्यांनी घ्यावं. नाहीतर माझी साडेआठची मालिका सुखाने बघू द्यावी.

पर्युषण आता जवळ आलं. मंडळाच्या ग्रुपवर ‘मिच्छामि दुक्कडम्’ची चित्रं फिरायला लागतील, कमळ, दिवा, हात जोडलेली बाई. मागल्या वर्षी मला एकशे चाळीसच्या वर आली, त्यातली निम्मी ज्यांच्याशी माझं आयुष्यात कधी वाकडं झालं नाही त्यांची. त्या दोन जावांनीही पाठवली होती, मला आणि ग्रुपवर. एकमेकींना नाही, हे दोघींनीही मला वेगवेगळं सांगितलं. यंदा चित्र पाठवू नका. नंबर दोघींकडे आहे. खर्डीपासून कसाऱ्यापर्यंत रेंज जाते-येते हे खरं, फोन लागला नाही तर दुपारच्या लोकलने जा, दोन स्टेशनांचं अंतर आहे. आणि बोलताना मधेच दुसरा फोन वाजला तर तो घेऊ नका.