निघून जाण्याची किंमत

एखाद्या परदेशी मोटार कंपनीने भारतातून गाशा गुंडाळला की वर्तमानपत्रांत दोनच गोष्टी छापून येतात. कंपनीला तोटा किती झाला आणि कामगार किती बेकार झाले. दोन्ही महत्त्वाच्या आहेतच. परंतु जाणारी कंपनी स्वतः काय गमावते, हा प्रश्न आपल्या अर्थशास्त्राच्या तासालाही फारसा निघत नाही.

नाशिककरांना उदाहरणासाठी दूर जायला नको. १९९६ साली फोर्डची एस्कॉर्ट महिंद्रांच्या नाशिकच्या कारखान्यात जोडली जात होती. पुढे फोर्डने चेन्नईजवळ स्वतःचा कारखाना थाटला. २००७ मध्ये नाशिकहूनच रेनोची लोगन बाहेर पडली. २०१० मध्ये रेनोने भागीदारी सोडली, तेव्हा महिंद्रांनी तीच गाडी व्हेरिटो या नावाने पुढे चालविली.

या येण्याजाण्याला जुना इतिहास आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता आणि फोर्डही त्याच काळात मुंबईत होती. परदेशातून भाग आणून नुसती जोडणी चालणार नाही, भाग इथेच बनवा, असे धोरण सरकारने १९५३ मध्ये घेताच दोघींनीही काढता पाय घेतला. बाजार तेव्हा इवलासा होता, म्हणून तो निर्णय हिशेबाला धरूनच असेल. पण चाळीस वर्षांनी त्या परतल्या तेव्हा नवख्या ठरल्या. १९८३ पासून मारुतीच्या रूपाने सुझुकी घरोघर पोचलेली होती.

आणि तरीही दोघी पुन्हा गेल्या. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये इथली विक्री थांबविली. तळेगावचा कारखाना निर्यातीसाठी चालू होता, तोही डिसेंबर २०२० मध्ये बंद पडला आणि कामगार संघटनेला न्यायालयाची पायरी चढावी लागली. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने इथले मोटार उत्पादन थांबवीत असल्याचे जाहीर केले. दहा वर्षांत दोन अब्ज डॉलरांहून अधिक तोटा झाल्याचे तिने सांगितले. एवढा तोटा सोसत बसा, असे कोणी म्हणणार नाही. पण लगेच २०२२ साली मोटारविक्रीत जपानला मागे टाकून भारत जगात तिसरा झाला. हालोलचा कारखाना चिनी मालकीच्या एमजीकडे, साणंदचा टाटांकडे, तळेगावचा ह्युंदाईकडे गेला. सोडलेली जागा ओस राहिली नाही!

जमाखर्चाच्या वहीत न दिसणारी हानी याहून मोठी आहे. शिर्डीच्या रस्त्यावर भाड्याने टवेरा चालविणाऱ्याला एका रात्रीत कळले की आपली गाडी आता विकताना पडेल भावात जाणार. सातपूर-अंबडचा छोटा कारखानदार बँकेचे कर्ज काढून एकाच कंपनीसाठी साचे बनवितो. ती गेली तर साचे भंगारात, हप्ते मात्र चालूच. हीच कंपनी उद्या परत आली, तर तो आगाऊ पैसे मागेल, आणि त्याला कोण दोष देणार? गिऱ्हाईकही आधी विचारील, “तुम्ही राहणार आहात ना?”

आपल्या निफाडच्या बागायतदाराला हे ठाऊक आहे. २०१० साली क्लोरमेक्वाट या रसायनाच्या अंशावरून युरोपने द्राक्षे नाकारली. फटका जबर होता. तरी त्याने युरोपची वाट सोडली नाही. तपासणी कडक झाली आणि माल पुन्हा जाऊ लागला. कांद्याचे उलट झाले. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने निर्यातबंदी घातली, ती मे २०२४ मध्ये उठली. इथे निघून जाण्याची इच्छा शेतकऱ्याची नव्हती, पण परदेशी गिऱ्हाईक लासलगावसाठी खोळंबले नाही. पाकिस्तानच्या कांद्याने ती संधी साधली.

सप्टेंबर २०२४ मध्ये फोर्डने चेन्नईचा कारखाना पुन्हा उघडण्याचा मनोदय तमिळनाडू सरकारला कळविला. पण तो निर्यातीसाठी. इथल्या गिऱ्हाइकासाठी नव्हे.