पानाचें चित्र व त्याची साक्ष

गेल्या वर्षीं आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याच्या मातोश्री हातांत मोबाइल घेऊन शिक्षकांच्या खोलींत आल्या. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत एका कचेरीच्या संकेतस्थळावर ३० तारखेपर्यंत होती. २५ तारखेस पाहतात तों तेथें २० तारीख, आणि अर्ज घेणें बंद! "सर, मीं स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे," असें त्या म्हणाल्या. चित्र होतें खरें. परंतु त्यांत मुदतीची ओळ तेवढी कापून ठेविलेली. पान कोणत्या पत्त्यावरचें, केव्हां टिपलें, याचा मागमूस नाहीं. कचेरींतील गृहस्थांनीं तें पाहून, "हें कोठलेंही असूं शकेल," असें म्हणून परत केलें. आम्हांस राग आला. तथापि त्यांचें म्हणणें खोटें होतें, असें आमच्यानें म्हणवत नाहीं.

संकेतस्थळाचें पान छापील पुस्तकाप्रमाणें स्थिर नसतें. २०१३ सालीं उघडत असलेल्या पानांपैकीं ३८ टक्के पानें दहा वर्षांनीं नाहींशीं झालीं होतीं, असें अमेरिकेंतील प्यू रिसर्च सेंटरला २०२४ सालीं आढळलें. जीं पानें जागेवर राहून आंतल्या आंत बदललीं, तीं निराळींच. तेव्हां पान टिपून ठेवण्याची संवय मुलांस लागावी, हें आमचें मत आहे.

साधा स्क्रीनशॉट पडद्यावर दिसेल तेवढेंच टिपतो. ब्राउझरला जोडावयाचें एक्स्टेंशन मात्र पान खालीं सरकवीत तुकड्यातुकड्यांनीं टिपतें व ते तुकडे सांधून एकच लांब चित्र करतें. पानाच्या माथ्यावर चिकटून राहणारी पट्टी अशा चित्रांत कधीं कधीं तीनचार वेळां उमटते. मुलांस याचें मोठें हंसूं येतें. परंतु एक्स्टेंशन जोडतांना ब्राउझर जी परवानगी मागतो, ती वाचतो कोण? सर्व संकेतस्थळांवरील आपली माहिती "वाचणें व बदलणें" असा अधिकार कांहीं एक्स्टेंशनें मागतात, आणि त्याच ब्राउझरांत वडिलांचें बँकेचें खातें उघडलेलें असतें! चित्र काढणाऱ्यास घराच्या सर्व किल्ल्या कशास हव्यात? फायरफॉक्समध्यें २०१७ पासून ही सोय मुळांतच आहे. ती असतां मुलांनीं घरीं न विचारतां परकें एक्स्टेंशन जोडूं नये.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. ब्राउझरमध्येंच असलेल्या साधनांनीं उघडलेल्या पानावरील मजकूर नववींतला मुलगाही अर्ध्या मिनिटांत बदलूं शकतो. मूळ संकेतस्थळास धक्काही लागत नाहीं, आणि चित्र मात्र हुबेहूब खरें दिसतें. "यानें माझ्याविषयीं असें लिहिलें," म्हणून मुलें आमच्याकडे चित्रें घेऊन येतात. केवळ चित्रावरून आम्ही कोणासही दोषी धरीत नाहीं, याबद्दल पालकांनीं रागावूं नये. न्यायालयही धरीत नाहीं. जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत विहित प्रमाणपत्र आवश्यक ठरविलें. आणि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमांतही तें आहे.

म्हणून पान संपूर्ण टिपावें, पत्ता व वेळ सोबत ठेवावी, मूळ फाइलीस कात्री लावूं नये. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्यें, जें २००१ पासून सर्वांस खुलें आहे, पानाचा पत्ता दिल्यास पुष्कळदां त्याची तारखेसह प्रत तेथें राहते. ती तिऱ्हाइताच्या हातची असल्यानें तिचें वजन अधिक. (लॉगिन करून उघडणारीं खाजगी पानें तेथें ठेवतां येत नाहींत.)

त्या शिष्यवृत्तीचें पान आम्ही तेथें शोधलें. तें कोणीं ठेविलेलें नव्हतें. मुलाची त्या वर्षाची रक्कम बुडाली. यंदा त्यानें पान संपूर्ण टिपलें, पत्ता वहींत उतरून घेतला, आर्काइव्हमध्येंही नोंदविला. यंदा मुदत बदलली नाहीं.